२०२४ चा माझा हिशोब: एक फ्लॅट, ढीगभर कागद आणि मधल्या वेळात जे पाहिलं-ऐकलं ते

डिसेंबरात स्पॉटिफायचं रॅप्ड आलं आणि त्यात यंदा मी सगळ्यात जास्त काय ऐकलं तर हरिपाठ. हरिपाठाबद्दल माझी तक्रार नाही, पण तो मी ऐकलेला नाही, आईनं ऐकलाय. गणपतीनंतर ती माझ्याकडे राहायला आली, तिचा फोन गुड मॉर्निंगच्या फोटोंनी फुल्ल झालेला, त्यामुळे पहाटे माझा फोन माझ्या उशाखालून गायब व्हायचा तो थेट चहाच्या वेळी परत यायचा. तेव्हा म्हटलं ॲपच्या भरवशावर राहण्यापेक्षा आपलं वर्ष आपणच लिहून काढावं. लिहायला बसले तर दोन याद्या करायच्या होत्या, एक वर्षात काय काय झालं त्याची आणि एक काय आवडलं त्याची. पण त्या वेगळ्या करताच येईनात, कारण यंदा मी जे काही पाहिलं ते बहुतेक सगळं घर घेण्याच्या भानगडीत कुठंतरी थांबलेली असताना पाहिलंय.

तर घर. कर्वेनगरला वन आरके मध्ये भाड्यानं राहत होते. दर अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट, दरवेळी भाडं वाढणार, आणि जानेवारीत घरमालकांनी सांगितलं की मुलगा बेंगळुरूहून परत येतोय तेव्हा यावेळी रिन्यू करणार नाही. म्हटलं ठीकाय, आता घेऊनच टाकू. त्याच सुमारास, १३ जानेवारीला, प्रभाताई अत्रे गेल्या. मला गाण्यातलं फार कळतं असं नाही, पण त्या रात्री त्यांचा मारुबिहाग लावला, 'जागू मैं सारी रैना', आणि लॅपटॉपवर फ्लॅटच्या जाहिराती बघत बसले ते दोन वाजले. बंदिशीतली बाई कशासाठी जागत होती आणि मी कशासाठी, पण तेव्हापासून तो मारुबिहाग आणि 'टू मिनिट्स फ्रॉम मेन रोड' हे माझ्या डोक्यात एकत्रच वाजतं.

फेब्रुवारी ते मे सगळे रविवार एजंटच्या स्कूटीमागे. रिसेल फ्लॅट बघणं म्हणजे लोकांच्या घरात घुसून त्यांचे बेडरूम बघणं, आपल्याला लाज वाटते पण एजंटला वाटत नाही, तो खुशाल कपाटं उघडून दाखवतो. एका घरात आजोबा जेवत होते, ते ताट घेऊन आमच्या मागे मागे हिंडत होते आणि 'इथं ऊन येत नाही हो' असं खरं खरं सांगत होते, त्यांच्या सुनेचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सेलेबल किती आणि कार्पेट किती हे विचारलं की एजंटचा आवाज बारीक होतो हेही शिकले. साडेसहाशे स्क्वेअर फूट सेलेबल म्हणून दाखवलेलं घर टेप लावून मोजलं तर आत साडेचारशेच्या आसपास निघतं, बाकीचं जिन्यात आणि लिफ्टसमोर. टेप आपली आपण न्यावी, पाच मीटरची, मोबाईलवर मोजणारं ॲप वगैरे काही खरं नाही.

त्या काळात संध्याकाळी घरी आल्यावर अंगात काही दम नसायचा, तेव्हा 'लापता लेडीज' नेटफ्लिक्सवर आला होता एप्रिलच्या शेवटी तो पाहिला. सगळ्यांनी फूल आणि जया या दोन नायिकांबद्दल लिहिलं, मला मात्र स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई आवडली, छाया कदमनी केलेली. कुणाला न विचारता आपल्या पैशावर आपल्या खोलीत राहणारी बाई. आता म्हणाल तू घर शोधत होतीस म्हणून तुला ती दिसली. असेल. छाया कदम वर्षाच्या शेवटी परत येणारेत या लेखात.

३१ मेला आप्पा रिटायर झाले. एसटीत कंडक्टर, शेवटची बरीच वर्षं राधानगरीच्या बाजूच्या गाड्यांवर. मी आदल्या रात्री गडहिंग्लजला गेले. शेवटच्या ड्यूटीहून आल्यावर त्यांनी तिकिटाचं मशीन आणि कॅश जमा केली, सह्या झाल्या, आणि मग खिशातून सुट्ट्या पैशांची पिशवी काढून टेबलावर ठेवली, ती त्यांची स्वतःची, डेपोची नव्हे. प्रवाशाशी सुट्ट्यावरून भांडण नको म्हणून ते घरून चिल्लर घेऊन जायचे हे मला त्या दिवशी कळलं. डेपोत हार, नारळ, फेटा, पेढे, भाषणं. एका ड्रायव्हरकाकांनी सांगितलं की पाटलांनी डबल बेल दिल्याशिवाय मी आयुष्यात क्लच सोडला नाही, आणि मग ते खाली बसले ते उठलेच नाहीत बराच वेळ.

त्यानंतर महिनाभर आप्पा घरात नुसते येरझाऱ्या घालत होते, आई वैतागली होती. म्हणून जूनच्या शेवटी परत गेले आणि त्यामुळे २९ जूनची वर्ल्डकप फायनल आप्पांबरोबर बघितली. आमच्याकडे पाऊस, आणि साऊथ आफ्रिकेला तीस बॉलमध्ये तीस हवे होते, क्लासेन सुटलेला, तेवढ्यात लाईट गेली. मोबाईलवर हॉटस्टार फुकट होतं म्हणून वाचलो. छोटासा स्क्रीन, आम्ही तिघं आणि शेजारचे दोघं, आणि शेजारच्या घरात कुणाचं तरी नेट आमच्यापेक्षा पुढं, त्यामुळे विकेट पडायच्या आधी तिकडून ओरडणं ऐकू यायचं. शेवटच्या ओव्हरच्या पहिल्या बॉलला मिलरनं मारला तेव्हा आप्पा म्हणाले गेला सिक्स, आणि पलीकडून आरडाओरडा झाला, म्हणजे कॅच, पण कसा, ते आम्हाला चार सेकंदांनी दिसलं. सूर्यकुमारनं बॉल आत उडवला, स्वतः दोरीबाहेर गेला, परत आत आला आणि धरला. सात रननी जिंकलो. आप्पा एवढंच म्हणाले, "पाय कुठं पडतोय ते बघून उतरला बघ गडी." एसटीतून लोकांना उतरताना बघण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची कॉमेंट्री ही.

जुलैत मला घर मिळालं. म्हणजे तसं वाटलं. सिंहगड रोडला नदीच्या अंगाला, तिसरा मजला, वारा मस्त, भाव बजेटमध्ये बसणारा, टोकन देणार होते त्या महिनाअखेरीला. आणि २५ जुलैला पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकता नगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, बोटी आल्या, लष्कर आलं, तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल. माझं बघितलेलं घर तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. पाणी ओसरल्यावर गेले. रस्त्यावर गाद्या, फ्रिज, कपाटं, मुलांची दप्तरं वाळत टाकलेली, एक काकू नळीनं शिवणमशीन धूत होत्या, पायडलच्या फटीतला चिखल काडीनं काढून काढून. त्यांच्याशी बोलले तर म्हणाल्या वरच्या मजल्यावर काय होत नाही गं, पण लिफ्टची मोटर गेली, मीटर गेले, गाड्या गेल्या, पाणी नाही लाईट नाही, मग वर बसून काय करणार. एजंट फोनवर म्हणत होता की मॅडम आता भाव कमी होईल, हीच वेळ आहे. मी फोन ठेवला. मग बसून पूररेषांचं वाचलं, निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची, आणि फ्लॅट दाखवणाऱ्या कुणीही हे दोन शब्द तोपर्यंत माझ्यासमोर उच्चारले नव्हते. घर बघताय तर नकाशावर हे आधी बघा, वेस्ट ओपन आणि मॉड्युलर किचन नंतर.

त्यानंतर धायरीचा फ्लॅट फायनल केला. उंचावर, डोंगराच्या बाजूला. धायरी महापालिकेत २०१७ लाच आलीय पण उन्हाळ्यात टँकर लागतो, म्हणजे तिकडे पाणी जास्त आणि इकडे कमी, पुण्यात निवडीला हे एवढेच दोन पर्याय असावेत असं कधी कधी वाटतं. फ्लॅट पहिल्यांदा बघून आले त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, कर्जाची फाईल घेऊन बँकेत गेले होते. ती फाईल त्यांनी पुढं एकदा हरवली पण ते जाऊ दे. दुपारी एकची वेळ, कर्जाचे साहेब जेवायला, आणि शिपाईकाकांनी टेबलावर स्टेपलरला टेकवून फोन लावला होता. स्वप्नील कुसळेची फायनल. पन्नास मीटर थ्री पोझिशन म्हणजे आधी गुडघ्यावर, मग झोपून, मग उभं राहून, आणि उभ्याच्या वेळी एकेक जण बाहेर पडत जातो. मला यातलं काही माहीत नव्हतं, शिपाईकाकांना सगळं माहीत होतं. हा खेळ बघायला खरं तर काहीच नाही, एक माणूस श्वास घेतो, सोडतो, थांबतो, बंदूक खाली घेतो, परत उचलतो, आणि आकडा येतो १०.४ किंवा ९.८. पण हळूहळू काउंटरवरचे दोघं उठून आले, एक आजी पासबुक घेऊन आल्या, गार्डही दारातूनच मान वाकडी करून बघायला लागला. सुरुवातीला मागे होता, उभ्या राउंडमध्ये वर सरकला, आणि ४५१.४ वर थांबला तेव्हा ब्राँझ नक्की झालेलं. शिपाईकाका म्हणाले खाशाबा जाधवांनंतर आज, १९५२ नंतर, महाराष्ट्राच्या माणसाला एकट्याच्या खेळात मेडल. मी आप्पांना फोन लावला तर ते आधीच ओरडत होते, "अगं कांबळवाडीचा! आपल्या राधानगरी तालुक्यातला!" जणू पोरगं त्यांच्याच गाडीतून पासवर शाळेला गेलंय. साहेब जेवून आले आणि विचारलं इथं गर्दी कसली. यंदाचा माझा सगळ्यात आवडता 'शो' हाच, बँकेत उभं राहून पाहिलेला, दुसऱ्याच्या फोनवर.

मग स्टॅम्प ड्यूटी. पुण्यात मिळून सात टक्के पडते, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट, ही २०२१ पासून आहे, आधी त्यात पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती ती २०२३ ला काढली. हे मी घरी समजावून सांगत होते कारण आत्याचं म्हणणं होतं की भावाचं नाव पण घाल, पोरीच्या जातीला एकटीच्या नावावर घर कशाला. यावर मी स्त्री-पुरुष समानतेवर भाषण देऊ शकले असते. त्याऐवजी कॅल्क्युलेटरवर एक टक्का किती होतो तो आकडा काढून दाखवला. आत्या म्हणाली, "अगोबाई, मग राहू दे एकटीच्याच." आप्पा मिशीत हसले. व्यवहार पन्नास लाखांच्या आतला असल्यामुळे टीडीएसचं, म्हणजे किमतीतून टॅक्स कापून भरण्याचं, लफडं नव्हतं, रजिस्ट्रेशन फी मात्र तीस हजार कुणाला चुकत नाही, एक टक्का किंवा तीस हजार यातलं जे कमी असेल ते, त्यामुळे बहुतेकांना तीसच.

सप्टेंबरात सगळं तयार, तर विकणाऱ्या काकांकडून निरोप की पितृपक्ष आहे, सही करणार नाही. कर्जाच्या व्याजदराला पितृपक्ष कळत नाही पण काकांना कळतो. २ ऑक्टोबरला सर्वपित्री, म्हणून ३ ऑक्टोबर, घटस्थापना. त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात जत्रा होती, सगळ्या पुण्यानं बहुतेक तोच मुहूर्त काढलेला. आप्पा आणि माझी मैत्रीण साक्षीदार. टोकन घेऊन बसायचं, नंबर आला की डेटा एंट्रीतली नावं तपासायची, मग फोटो, मग अंगठा, आप्पांचा अंगठा मशीन घेईना, आयुष्यभर तिकिटं आणि नोटा मोजून रेषा झिजल्यात, तेल लावून, पुसून, डावा-उजवा करून शेवटी घेतला. दस्त हाताळणीचे तेव्हा पानाला वीस रुपये वेगळे होते, त्यामुळे वकिलानं लांबण का लावलीय असा विचार प्रत्येक पानाला मनात येतो.

थांबलेल्या त्या वेळात मी कागद वाचले. आधीही वाचले होते पण घाईत. आता चेन डॉक्युमेंट्स, म्हणजे हे घर कुणाकडून कुणाकडे आलं त्याची सगळी साखळी, अगदी मागे जमीन घेतली गेली तिथपर्यंत. खोटं नाही सांगत, यंदा वाचलेल्यात सगळ्यात झकास मराठी त्या जमिनीच्या जुन्या खरेदीखतात होतं. 'सदर मिळकत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह', आणि पुढे कुणाचा वाद, हक्क, हितसंबंध निघाल्यास तो लिहून देणार यांनी स्वखर्चाने निवारण करून द्यावयाचा आहे. ओढ्यापलीकडे कुणाची पड, पूर्वेला कुणाचा बांध, सगळं नावानिशी. त्या बांधाच्या जागी आता आमचं पार्किंग आहे. आप्पांना वाचून दाखवलं तर म्हणाले निधी सापडला तर तुझा का माझा. संध्याकाळी दस्त हातात घेऊन मिसळ खायला गेलो तेव्हा हॉटेलातल्या टीव्हीवर बातमी, केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, बरोबर पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीला. टेबलावर माझं खरेदीखत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, त्यावर रस्सा सांडू नये म्हणून मैत्रिणीनं धरून ठेवलेलं. यंदाचं वाचन या सदरात मी ते धरणार आहे, कुणी काही म्हणो.

तीन दिवसांनी बिग बॉस मराठीची फायनल होती. हे माझं नाही, आईचं. जुलैअखेरपासून तिचं रितेश देशमुख काय म्हणाला हे रोज मला ऐकायला लागायचं, सुरुवातीला मी नाक मुरडलं, नंतर स्वयंपाक करता करता कान तिकडं जायला लागले आणि सूरज चव्हाण जिंकला तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या. आईचं लॉजिक साधं होतं, पोरगं गरीब आहे, कुणाला उलटं बोलत नाही. माझं मत अजूनही असंच आहे की तो कार्यक्रम बघवत नाही, पण आईशेजारी बसून बघवतो.

दिवाळीच्या आधी शिफ्ट झालो. शिफ्टिंगबद्दल काय लिहायचं, खोकी, चिकटपट्टी, अमुक कुठल्या खोक्यात आहे यावरून भांडणं, सगळ्यांचं असतं ते. पुस्तकं मात्र बघितली तर निम्मी न वाचलेली, ती आधी देऊन टाकली कारण तिसऱ्या मजल्यावर चढवायला हमाल खोक्याचे पैसे घेतो हे कळल्यावर माणूस आपल्या वाचनाबद्दल एकदम प्रामाणिक होतो. दिवाळी अंक दोन घेतले. 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ ला काढला, म्हणजे ही सवय आता सव्वाशेच्या दिशेनं चाललीय, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच अंकांत आता कथेपेक्षा बिल्डरच्या जाहिराती जास्त. यंदा मी त्या जाहिरातीही वाचल्या, कार्पेट एरिया लिहिलाय का ते बघायला.

नोव्हेंबरच्या शेवटी 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' थिएटरला लागला. कानमध्ये मे महिन्यात ग्राँ प्री मिळालेला पायल कपाडियाचा पिक्चर, तीस वर्षांनी भारताचा कुठला सिनेमा तिथं मुख्य स्पर्धेत होता. लोक मला म्हणाले होते संथ आहे. आहे संथ. दोन मल्याळी नर्सेस आणि हॉस्पिटलच्या कँटीनमधली पार्वती, छाया कदम, सांगितलं होतं ना परत येतील. ही पार्वती वर्षानुवर्षं मुंबईत एका चाळीत राहतेय आणि बिल्डर तिला काढतोय, आणि तिच्याकडे कागद नाही. नवरा गेला, त्यानं कागद कुठं ठेवले की नव्हतेच, काही माहीत नाही. ती डबे, पिशव्या उचकटते तो भाग बघताना माझ्या पोटात खड्डा पडला, कारण माझ्या घरी तेव्हा इंडेक्स टू, एनओसी, टॅक्सची पावती, सगळं लेबलं लावून एका फाईलमध्ये होतं आणि मी वर्षभर त्याच कागदांच्या नावानं खडे फोडत होते. पार्वती आणि त्या नर्सेसपैकी प्रभा रात्री बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका हसल्या, मीही हसले. नंतर पार्वती रत्नागिरीकडे आपल्या गावी परत जाते, तिथं घर आहे पण वीज नाही. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली तुला आवडला का, मी म्हटलं आधी घरी जाऊन फाईल कुठंय ते बघते.

न जमलेलं पण बरंच आहे. नाटक यंदा एकही झालं नाही, बालगंधर्ववरून रोज जाऊनही. डिसेंबरात फर्ग्युसनला पुस्तक महोत्सव होता, तिथं गेले, गर्दी बघून जीव घाबरला आणि नवीन भिंतीवर पुस्तकांचा रॅक अजून लागला नव्हता म्हणून स्वतःला आवर घालून दोनच घेतली, अजून उघडलेली नाहीत. सिरीज तीन-चार अर्ध्यात सोडल्या, त्यांची नावंही आठवत नाहीत, 'हे बघच' म्हणून ज्यांनी सांगितलं त्यांना बघितल्याचं खोटंच सांगितलंय. झाकीरजी गेले त्या दिवशी मात्र आईनं स्वतःहून हरिपाठ बंद ठेवला आणि म्हणाली तुझं ते तबल्याचं लाव. तिला चहाच्या जाहिरातीतला माणूस म्हणून ते माहीत होते. तासभर ऐकत बसली, मध्येच म्हणाली, "हात दिसतच नाहीत गं."

आता राहिलंय ते सोसायटीचं. शेअर सर्टिफिकेटवर अजून विकणाऱ्या काकांचंच नाव आहे. ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते पैसे, महापालिका हद्दीत पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, हे सरकारी परिपत्रक मी प्रिंट काढून नेलं होतं, तर कमिटीतले एक जण म्हणाले ते बरोबर आहे, वरचं आम्ही डेव्हलपमेंट फंड म्हणून घेतो. मी म्हटलं लेखी द्या. तेव्हापासून विषय पुढच्या मीटिंगवर गेलाय, मीटिंग जानेवारीत आहे, आणि आप्पा म्हणतात मी पण येतो, बिनतिकीट प्रवाशांशी कसं बोलायचं ते मला चांगलं ठाऊक आहे.